आजोबांची कडी

आजी बाथरूममध्ये अडकल्याचं आधी सुनेच्या लक्षात आलं, कारण तिला ऑफिसला जायचं होतं आणि घरात बाथरूम एकच होतं.

"आई, झालं का तुमचं?"

"कधीच झालंय. कडी निघत नाहीये," आजीने आतून सांगितलं.

ही कडी आजोबांनी बसवलेली. तसं त्या घरातलं सगळंच आजोबांनी बसवलेलं. जन्मभर पोस्टात काम केलेल्या ह्या माणसाचा घरच्यांवर विलक्षण जीव, आणि तो ते पान्ह्या-पकडीनेच दाखवायचे. बाहेरचा कारागीर पैशासाठी काम करतो, मायेने करत नाही, म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. परिणामी स्वयंपाकघरातला नळ सोडला की बाथरूममधला बंद पडायचा, आणि बाथरूमच्या दिव्याचं बटण बेडरूममध्ये, कपाटामागे होतं. पण माया होती, ह्यात वादच नाही. लेक लहानपणी एकदा बाथरूममध्ये कोंडली जाऊन रडली, त्या दिवशी आजोबांना घास गेला नाही. मग त्यांनी बाहेरूनही उघडेल अशी कडी स्वतः तयार केली. बाहेरून ती फक्त त्यांनाच उघडायची, हा भाग वेगळा. कुणी अडकलं की आजोबा भरल्या ताटावरून उठून धावत यायचे, दाराशी काहीतरी खुडबुड करायचे आणि दार उघडायचं. आजोबांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

हाक ऐकून मुलगा धावत आला. अर्ध्या गालावर दाढीचा साबण होता.

"आई, घाबरू नकोस! दार वर उचल, डावीकडे रेट, मग ओढ!"

"उचलून रेटायचं नाही हो, रेटून उचलायचं," सून म्हणाली. "बाबांनी मला स्वतः शिकवलंय."

"तुला कधी शिकवलं?"

"लग्न होऊन आले त्याच दिवशी. घर नंतर दाखवलं, आधी कडी."

"मला तर आजोबा म्हणाले होते, खालून लाथ मार," नात म्हणाली. "आणि आईबाबांना सांगू नकोस म्हणाले होते."

ज्याची जशी उंची, ज्याचा जसा जोर, तशी प्रत्येकाला वेगळी युक्ती आजोबांनी मोठ्या प्रेमाने शिकवली होती. तिघांनी आपापली युक्ती एकदम करून पाहिली, तेव्हा दाराची मूठ मुलाच्या हातात आली.

"आत अंधार असेल गं," मुलगा कळवळला. "थांब आई, दिवा लावतो!"

त्याने बेडरूममधलं कपाट भिंतीपासून ओढलं. कपाटाचा एक पाय आजोबांनी बसवलेला होता, तो सुटला. कपाट कलंडलं आणि मुलाने ते पाठीवर झेललं. आता आई बाथरूममध्ये आणि मुलगा कपाटाखाली, अशी घरची दोन कर्ती माणसं अडकून बसली.

"अहो, सोडा ते!"

"सोडू कसा? आरसा आहे त्याला! माझ्या बहिणीला फोन लाव, तिला माहीत असेल."

आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि हुंदका दिला. "माझ्यासाठी केली होती रे ती कडी!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्यातून दार काही उघडेना. शेवटी सुनेने ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि सुताराला बोलावलं.

सुताराने आधी मुलाला कपाटाखालून काढलं. मग तो दारासमोर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे कुणी केलंय?"

"माझ्या वडिलांनी," मुलगा अभिमानाने म्हणाला.

"काय करायचे?"

"पोस्टात होते."

"तरीच," सुतार म्हणाला. "बिजागऱ्यांना स्क्रू नाहीत, खिळे ठोकलेत. तेही वाकवून. साहेब, तोडावं लागेल."

"मुळीच नाही! बाबांच्या हातची शेवटची खूण आहे ती!"

"शेवटची कसली? घरभर आहेत," सून पुटपुटली.

"आईला काय वाटेल, विचार केलाय?"

त्याचंही बरोबर होतं. मागे एकदा आजीने "त्या दाराचं काहीतरी..." असं म्हणायला तोंड उघडलं, तर ह्याचे डोळे भरून आले. "हो ना गं आई, त्या दारापाशी गेलं की मलाही बाबाच आठवतात," असं म्हणून त्याने तिचे हात धरले. आजीला त्याचेच डोळे पुसत बसावं लागलं.

"आई, तूच सांग!" मुलगा दाराला तोंड लावून म्हणाला. "बाबांची कडी तोडायची?"

"तोड."

"नीट विचार कर!"

"अरे तोड रे बाबा एकदाची!"

सुताराने तीन घाव घातले आणि दार आडवं झालं. आत आजी स्टुलावर बसली होती. पाठीशी उशी, शेजारी चहाचा थर्मास, हातात बिस्कीट. सुताराने कडी उलटसुलट करून पाहिली.

"साहेब, ही अडकली नव्हती. आतून व्यवस्थित लावलीय. तेलसुद्धा घातलंय."

सगळे आजीकडे बघायला लागले.

"मग काय करू?" आजी म्हणाली. "ते होते तेव्हा त्यांचं मन मोडवेना. ते गेले, तर आता तुम्ही हात लावू देत नाही."

"पण आई, बाबांची आठवण..."

"आठवणीचंच सांगतेय. रोज सकाळी ह्या कडीपाशी मी त्यांच्या नावाने खडे फोडते. सवयच लागलीय जिभेला. ते असताना बाहेर उभे राहून हसायचे, मग दार उघडायचे. आता मी बोलते आणि बाहेरून कुणी हसत नाही." आजीने हातातलं बिस्कीट बाजूला ठेवलं. "एवढा जीव लावणारा माणूस. गेल्यावरही त्याला रोज शिव्या घालायच्या, मला नाही सहन होत रे."

मुलगा तिथेच खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. सुनेनेही डोळ्यांना पदर लावला. सुतार अवघडून हत्यारं गोळा करू लागला.

"नवीन कडी कसली बसवू, आजी?"

"दुकानात मिळते तसली, साधी," आजी डोळे पुसत म्हणाली. मग तिने मुलाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि ओळखीचा नळवाला असेल तर त्यालाही लगेच बोलावून घ्या. हा रडतोय तोवरच काय ते उरकू."