एस्तेरमावशींनी गाडी बांधली

एस्तेरमावशींच्या घरी दारात उभं राहून बोलता येत नाही. "दारात गर्दी करू नका, आत सरका, मागं जागा हाय," असं त्या म्हणतात, आणि तुम्ही एकटेच आलेले असलात तरी म्हणतात. मागे जागा नाहीच. दोन खोल्या आणि पलीकडे परसातला नळ. तरी माणूस मुकाट्याने आत सरकतो, कारण आवाजच तसा आहे. एकदा गल्लीत एक मयत झाली होती आणि बाया दारात दाटल्या होत्या. मावशींनी मागून आवाज दिला, "चला, आत सरका," आणि रडणाऱ्या बाया रडत रडत आत सरकल्या.

मावशी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होत्या. श्रीरामपूरच्या स्टँडवरून निघणाऱ्या गाड्यांवर त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर गणवेश गेला, बाकी काही गेलं नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साला उशिरा येणाऱ्यांना त्या बोट दाखवून बाक नेमून देतात आणि सगळे बसेपर्यंत फादरही थांबतात. दावीदकाका, म्हणजे त्यांचे यजमान, शिवणकाम करायचे. ते वारल्यापासून मावशी एकट्याच असतात. मुलगी पुण्याला नर्स आहे.

मी शेजारच्या घरात राहतो. कॉलेजच्या ऑफिसात बसून दाखले टाईप करतो, पण कॉम्प्युटरसमोर बसतो म्हटल्यावर गल्लीच्या दृष्टीने मी कॉम्प्युटरमधला माणूस. म्हणून एका सकाळी मावशींनी मोबाईल थेट माझ्या नाकासमोर धरला.

"सतीश, हे बघ."

व्हिडिओत एक माणूस टेबलाला खरंखुरं स्टिअरिंग लावून पडद्यावरची बस घाटातून नेत होता.

"हे मला पायजे."

"मावशी, असे गेम मोबाईलवर पण असतात."

"बस चालवायची ती अंगठ्यानं? काहीतरीच तुझं." मग जरा थांबून म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत उभी राहिले. बायांची ड्रायव्हरची भरती निघाली तवा अर्ज केलता. वयात बसले न्हाई. आता वय कोण इचारतंय?"

मी सांगितलं की नगरला तयार सेट मिळतो, फोन केला की घरी आणून देतील. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिनतिकीट सापडलोय. "तयार गाडीत आत काय घातलंय ते कुणी बघितलंय? एकेक भाग निवडून घ्यायचा. आपण गाडी बांधायची."

त्यानंतर मावशींनी हिंदी व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. भांडी घासताना नळाजवळ मोबाईल, भाकरी थापताना फडताळावर मोबाईल. त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं त्यांनी आपल्या भाषेत नामकरण करून टाकलं. प्रोसेसर म्हणजे ड्रायव्हर. मदरबोर्ड म्हणजे चासी. रॅम म्हणजे सीटा, कमी पडल्या की माणसं उभी राहणार आणि कटकट होणार. पॉवर सप्लाय म्हणजे डिझेलची टाकी. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पुढची काच. हे कितपत बरोबर होतं मला माहीत नाही, पण महिनाभरात मीही ऑफिसात "सीटा वाढवल्या पाहिजेत" असं बोलायला लागलो आणि आमच्या साहेबांचा वेगळाच गैरसमज झाला.

अडचण बजेटची होती. मावशींनी एक आकडा ठरवला होता आणि त्याच्या पलीकडे जायला त्या तयार नव्हत्या. त्या आकड्यात भारी ड्रायव्हर आणि भारी काच, दोन्ही बसत नव्हतं. कोणता घ्यावा? त्यांनी गल्लीत मत घेतलं. मेडिकलवाला म्हणाला, ड्रायव्हर. दूधवाल्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "मावशी, आधी टायरं बघा." मुलगी फोनवर म्हणाली, "आई, त्यापेक्षा गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे."

"गुडघे चालताना दुखत्यात," मावशी म्हणाल्या. "मी बसून चालवणार हाय."

शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं. ड्रायव्हर मध्यम, कुरकुर न करणारा. काच चांगली, पण वापरलेली. "समोरचं दिसलं न्हाई, तर ड्रायव्हर कितीबी हुशार असू दे, गाडी खड्ड्यात."

आम्ही बसने नगरला गेलो. राहुरीपर्यंत मावशींनी तीन म्हाताऱ्यांना जागा मिळवून दिली आणि एका कॉलेजकुमाराला पाठीवरची सॅक पुढे घ्यायला लावली. गाडीचा खरा कंडक्टर मागच्या सीटवर निवांत बसून होता.

दुकान लाल-निळ्या दिव्यांनी लग्नघरासारखं उजळलेलं होतं. दुकानदार तरुण, बोलायला गोड. "या काकू. मुलासाठी घ्यायचाय का?"

"न्हाई. मला."

"बरं, बरं. भजनं वगैरे ऐकायला?"

"घाट चढायला."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने काचेचा, आतून रंग बदलणारा कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचा खोका, काढला. मावशींनी त्याला एक प्रदक्षिणा घातली. "वरातीची गाडी नको मला. पुढून वारं आत आलं पायजे आन मागून बाहेर गेलं पायजे. खिडक्यावाला दाव." शेवटी कोपऱ्यातला जाळीचा, धूळ बसलेला, साधा काळा खोका त्यांना आवडला. पदराने पुसून त्यांनी तो जवळ ठेवला.

मग काचेची, म्हणजे वापरलेल्या कार्डाची, पाळी आली. दुकानदार म्हणाला, "एकदम कंडिशनमध्ये आहे काकू, डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकायचे अस्ते तर काच कशाला घेतली अस्ती? लावून दाव."

त्याने लावून दाखवलं. पडद्यावर चित्रं झरझर हलायला लागली. "बघा, झालं?"

"स्टँडवर कोनतीबी गाडी चालू राहती," मावशी म्हणाल्या. "चढाला काय करती ते बघायचंय." आणि त्यांनी स्टूल ओढलं.

त्या बसल्याच. गिऱ्हाइकं आली, गेली. दुकानदाराने दोनदा घड्याळ पाहिलं. जेवायची वेळ झाली तशी मावशींनी पिशवीतून डबा काढला, त्यालाही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, आणि तो "नको नको" म्हणत असतानाच "खा रे, गाडीला वेळ हाय," म्हणून बसवलं. त्याने दुसरी भाकरी घेतली आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर आडव्या हिरव्या रेघा उमटल्या. चित्र थरथरलं आणि गेलं.

"दम लागला," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

दुकानदार खरंच ओशाळला. तोंडातला घास गिळून त्याने आतून दुसरं कार्ड आणलं. मावशींनी स्टूल जराही हलवलं नाही. या दुसऱ्या कार्डाला मात्र तासन्तास धाप लागली नाही. बाकीचे भाग आणि स्टिअरिंग घेऊन आम्ही निघालो तेव्हा उन्हं कलली होती आणि दुकानदार मावशींना "मावशी" म्हणायला लागला होता.

आता एवढं सगळं तपासून घेणाऱ्या बाईने एकच गोष्ट श्रीरामपुरात, एका टपरीवजा दुकानातून, स्वस्तात आणली होती. पॉवर सप्लाय. "डब्बा तर हाय, त्यात काय बघायचं?" असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओ थांबवत, पुढे ढकलत, आम्ही दोघांनी पुढच्या खोलीत सगळे भाग जोडले. स्क्रू मावशींनी बसवले. मी टॉर्च धरली. बटण दाबलं. आतून फटाक्यासारखा "फट्" आवाज झाला, पांढरी धुराची शेंडी वर आली आणि खोलीभर जळक्या रबराचा वास पसरला.

मला वाटलं, संपलं. ड्रायव्हर, चासी, काच, सगळं गेलं. मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, आता तरी पुरे कर." मीही तेच म्हणणार होतो. मावशींनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि खुर्चीवर बसल्या.

"काच घासून घेतली, चासी वाजवून घेतली, आन डिझेलात काटकसर केली," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. उद्या नगरला जायचं."

"आणि बाकीचं जळलं असेल तर?"

"जळलं का न्हाई ते नगरला कळंल. हितं बसून कळनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी तो खोका मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसल्या. खड्डा आला की खोका दोन्ही हातांनी उचलून धरायच्या, तान्ह्या मुलाला धरावं तसा. दुकानदाराने एकेक भाग काढून तपासला. त्याने मान हलवेपर्यंत मावशींचे ओठ हलत होते. प्रार्थना चालली असावी. बाकी सगळं शाबूत होतं. गेला होता तो फक्त डब्बा. चांगला डब्बा घ्यायचा तर ठरलेला आकडा ओलांडत होता. नवा मॉनिटर घ्यायचा राहिला होता, तो मावशींनी रद्द करून टाकला. "पडदा घरचा वापरू. टीव्ही बिचारा रिकामाच अस्तो, मालिका मला बघवत न्हाईत."

यावेळी बटण दाबण्याआधी फादरना बोलावणं गेलं. फादर आले, तीर्थाची बाटली काढली, आणि त्या खोक्याकडे, स्टिअरिंगकडे, टीव्हीकडे आळीपाळीने पाहत म्हणाले, "एस्तेर, हे नेमकं काय आहे?"

"बस हाय, फादर."

फादरनी क्रूसाची खूण केली. प्रवाशांच्या सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना म्हटली आणि तीर्थ जरा लांबूनच शिंपडलं, त्यामुळे खोका वाचला. पंखे फिरले, टीव्ही उजळला आणि पडद्यावर एक लाल बस उभी राहिली. मागे अख्खी गल्ली उभी होती. मावशींनी "आत सरका" म्हटलंच नाही, एवढ्या त्या पडद्यात गुंतल्या होत्या.

पहिल्याच वळणावर बस शेतात गेली. दुसऱ्यांदा ओढ्यात. मेडिकलवाला हसला. मावशी हसल्या नाहीत. त्या पुन्हा पहिल्या स्टँडवरून निघाल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, लोक कंटाळून जेवायला गेले तरी. आठवडाभराने त्या अख्खा घाट न थांबता चढल्या आणि वर पोचल्यावर परसात जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या.

मग नव्याची नवलाई संपली. गल्लीतलं कुणी बघायला येईना. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी घरी आलो होतो, तेव्हा बायकोने मावशींची पातेली परत द्यायला पाठवलं. मावशी चालवत होत्या. एका थांब्यावर बस उभी, दार उघडं. आसपास चिटपाखरू नाही. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येत होती, गाडीला उशीर होतोय.

"मावशी, कुणी नाहीये इथे. निघा की."

"राहू दे. थांबते जरा."

"उशीर होतोय म्हणतंय ते."

"म्हनू दे." त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. "तुझे काका माझा डबा घेऊन स्टँडवर यायचे. एक पाय अधू. सकाळी लवकर निघायचे तरी गाडी सुटता सुटताच पोचायचे. मला मागच्या काचेतनं दिसायचे, डबा वर धरून येताना."

"मग?"

"मग काय. कुनीबी पळत आलं तर मी घंटी मारून गाडी थांबवायचे. कुनीबी. पन घरच्या मानसासाठी गाडी थांबवली तर लोक काय म्हनतील, अशी लाज वाटायची. ते हसायचे. डबा वर करून दावायचे आन माघारी जायचे. दुकानात बसून तोच डबा खायचे." त्यांनी चष्मा नीट केला. "कधी एका शब्दानं बोलले न्हाईत बघ."

मावशींनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या आरशात पाहिलं. त्यात मागचा रस्ता दिसत होता, दोन्हीकडे झाडं, मध्ये डांबर, मोकळं.

"आता गाडी माझी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीत सगळ्या थांब्यांवर थांबायचं."

लाल अक्षरं पुन्हा आली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मी पातेली खाली ठेवली, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि ऑफिसात फोन करून सांगितलं, की मला यायला थोडा वेळ लागेल.