बारातून तीन गेल्या, उरल्या छत्तीस

तिसरीच्या गणिताच्या बाई तोंडाने कमी आणि हातांनी जास्त शिकवत. करणार काय! यंदापासून सगळे विषय इंग्रजीत, आणि वर्गात घरच्या भाषेचा शब्दही काढायचा नाही, असा मोठ्या बाईंचा हुकूम होता. मुलांना गणित येत होतं. घोडं अडत होतं ते इंग्रजीपाशी. "से द टेबल" म्हटलं की पाढा म्हणायचा सोडून पोरं बाईंच्या टेबलाकडे बघत बसत.

शेवटी बाईंनी खुणा ठरवल्या. टाळी वाजवली की बेरीज, खांद्यावरून हात झटकला की वजाबाकी, स्वतःच्याच गालावर चापट म्हणजे गुणाकार. वर्ग भराभर गणितं सोडवू लागला. बाईंना हायसं वाटलं, कारण त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती.

अशात साहेब तपासणीला आले.

"तुम्ही फळ्याशी उभ्या राहा. तोंडातून चकार शब्द नको," मोठ्या बाईंनी बजावलं.

साहेबांनी विचारलं, "ट्वेल्व्ह हेन्स. थ्री रन अवे. हाऊ मेनी आर लेफ्ट?"

'लेफ्ट' ऐकताच साऱ्या वर्गाने डावा हात वर केला.

"अरे वा, सगळ्यांनाच येतंय की!" साहेब खूश झाले. "हं, टेल मी."

मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हळूच खांद्यावरून हात झटकला. मुलं 'नाइन' म्हणणार, तोच बाईंच्या गालावर डास बसला आणि त्यांनी फाडकन चापट मारली.

"थर्टी सिक्स!" वर्ग गरजला.

"बारातल्या तीन पळाल्या आणि उरल्या छत्तीस?" साहेबांनी चष्मा काढला.

पहिल्या बाकावरून 'भोंगा' उठली. आवाजामुळे सगळे तिला याच नावाने हाक मारत.

"सर, हेन्स गो," तिने दाराकडे हात केला. "हेन्स कम बॅक." मग जरा विचार करून म्हणाली, "विथ चिल्ड्रन."

साहेब पोट धरून हसले. "गणित कच्चं आहे हो, पण इंग्रजी किती धीटपणे बोलते पोर! कोण शिकवतं यांना?"

"इंग्रजी ना? मीच घेते," मोठ्या बाई लाजून म्हणाल्या.

"मग उद्यापासून गणितही तुम्हीच सुधारा. तुमचा इंग्रजीचा तास घेऊ देत या बाई."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई खडू घेऊन ऐटीत गणिताच्या तासाला गेल्या. पाचच मिनिटांत बाहेर आल्या आणि बाईंना कोपऱ्यात ओढून पुटपुटल्या, "अहो, भागाकाराला नेमकं कुठे मारून घ्यायचं?"