हिदाश मिहायनेची खुर्ची

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर चिठ्ठी चिकटवली होती: 'हिदाश मिहायने'. त्या खुर्चीवर निम्मी पिरोश्का बसली होती, निम्मी तिमेआ. दोघींचा उरलेला भाग हवेत होता.

आमच्याकडे हंगेरीत आडनाव आधी येतं, आणि लग्न झालं की बाई नवऱ्याचं अख्खं नाव घेते आणि त्याच्या शेपटाला 'ने' लावते. घटस्फोटात भांडीकुंडी वाटली जातात, नाव मात्र बाईकडेच राहतं. पिरोश्का मिहायची पहिली बायको, तिमेआ दुसरी. मिहाय वसंतात वारला. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये तो ट्रॉम्बोन वाजवायचा आणि संगीतकार हिदाश आपला चुलता लागतो, असं दर ग्लासामागे सांगायचा. लागत कोणी नव्हता. तरी बँडनं त्याच संगीतकाराच्या रचना निवडून मिहायच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. खुर्चीवर बसेल तिला गावासमोर पुष्पगुच्छ. म्हणजे मिहायची खरी बायको कोण, याचा निकालच.

"ऊठ," पिरोश्का म्हणाली. "तू आलीस तेव्हा त्याचे निम्मेच दात उरले होते."

"गेलेले निम्मे तुझ्या पावानं पाडले. सांगायचा मला."

व्यवस्था बघणारा बोग्नार घामाघूम झाला. "बायांनो, दुसरी खुर्ची आणतो की."

"तिच्यासाठी आण," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यानं ओळखपत्रं मागितली. दोन्हींवर तेच नाव. उलटसुलट करून पाहताना त्यानं ती अदलाबदल करून परत दिली, आणि भांडण नव्यानं पेटलं.

"माझा जन्म हिच्या साली घालतोस, मेल्या?" तिमेआ कडाडली.

बँडमास्तरनं दोनदा छडी उचलून खाली ठेवली. तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत मिहायची आई आली. मिहायच्या बापाचंही नाव मिहायच होतं.

"उठा गं दोघी," म्हातारी म्हणाली. "तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी मिहायने आहे. ती चिठ्ठी माझी."

बोग्नारनं खाली बघतच मान हलवली. पुष्पगुच्छ म्हातारीच्या मांडीवर गेला. बँड सुरू झाला, तोवर खुर्च्या संपल्या होत्या. दोघी धुमसत मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तुझ्याही रश्श्यात म्हातारीला मीठ कमी लागायचं?" तिमेआनं समोर बघतच विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. तुला काय म्हणते?"

"रोज एकच. पिरोश्का गुणाची होती, तिची सर कुणाला नाही."

पिरोश्का लालबुंद झाली. "थेरडीनं हे मला एकदा तरी सांगितलं असतं," ती दात खाऊन म्हणाली, "तर मी घर सोडलं असतं कशाला?"