बस्त्याव अंकलची बाज

बस्त्याव अंकलना ‘डोकं दुखतंय’ असं कधी सांगू नये. ते गोळी देत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “तुला बरं व्हायचंय काय? हो की नाही, एका शब्दात.”

दुबईत, अल कुसैसमधल्या एका खोलीत आम्ही चौघं बेडस्पेस घेऊन, म्हणजे एकेका पलंगाचं भाडं भरून राहतो. माझा पलंग खिडकीकडे, त्यांचा दाराकडे. ते वसईचे, हॉटेलच्या लिनन रूममध्ये चादरी सांभाळतात. मी कॉलेजात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटलेला. असल्या प्रश्नाने माझं टाळकं सटकतं.

प्रश्न मुळात येशूचा. तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या आजाऱ्याला तो हेच विचारतो. आजारी ‘हो’ म्हणायचं सोडून कारण सांगतो, मला त्या बरं करणाऱ्या पाण्यात सोडायला कोणी नाही म्हणून. येशू म्हणतो, ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग. एवढ्या गोष्टीवर अंकलचं अख्खं अध्यात्म उभं आहे. “तळं म्हणजे आतलं भान. त्याच्या पाच पडव्या म्हणजे पंचेंद्रियं. आणि ‘बाज उचल’ म्हणजे? बेडस्पेस सोड, बाबा. आतली.”

खालच्या कॅफेटेरियातला रशीद एकदा कंबर धरून आला. अंकलनी विचारलं, “ठीक होना है क्या?”

“अंकल, छुट्टी किधर मिलती है...”

“कारण नहीं पूछा. हाँ या ना?”

“हाँ, हाँ. खलास.”

चिडलेला रशीद दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला गेला. हे माझ्या कुठल्याच पत्रकात बसेना.

पण आतल्या भानाचा हा गुरू बाहेर माझ्या चपला घालून ड्यूटीवर जायचा, चहात मीठ टाकायचा, बायबल नाकाला टेकवून वाचायचा. मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं आणि हे पुढे ढकलत होते. मी मनात मथळासुद्धा लिहून ठेवला: श्रद्धेपायी डोळे गेले.

रविवारी ते चर्चमधल्या मिस्साहून आले, तेव्हा मी भांडायलाच बसलो होतो.

“अंकल, तुम्हाला बरं व्हायचंय काय? हो की नाही, एका शब्दात.”

ते हसले नाहीत. त्यांनी बायबल उघडलं. तळ्याच्या गोष्टीपाशी हॉस्पिटलचा कागद घडी करून ठेवला होता. “वाच. मला दिसत नाही.”

वर दोन तारखा खोडलेल्या. खाली सूचना: उपाशीपोटी यावे, दागिने नकोत. शेवटी एक ओळ: पेशंटला घरी नेणाऱ्याचे नाव. त्यापुढे काहीच नव्हतं.

“मेरी असती तर तिला बोलावलं असतं,” ते म्हणाले. मेरी त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी वसईत वारली. “इथे तुम्ही सगळे ड्यूटीवर. कोणाला सांगू?”

“हे कारण झालं, अंकल.”

“कारणच आहे,” ते म्हणाले, आणि पलंगाच्या कडेवर बसले.

मी त्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं. पेनाचा आवाज त्यांना कळला असावा.

“तुला रजा मिळेल काय?”

“आमचा मॅनेजर ना, अंकल, आधी...” मी सुरू केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हो,” मी म्हणालो.