चार डबे आणि शहात्तर पायऱ्या

बल्बच्या कारखान्यात बत्तीस वर्षं जिच्या नजरेखालून एकही फुटका बल्ब सुटला नाही, तिला गुडघेदुखीवरच्या चार डब्यांतून एक चांगला डबा निवडता येऊ नये? अशक्य! निदान तपासणीकाकूंचं मत तसं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना तपासणीकाकूच म्हणायची. वाण्याकडची मोसंबीसुद्धा त्या उजेडात धरून बघायच्या!

काकूंचे दोन्ही गुडघे झिजले होते. उठताना असा आवाज यायचा, की शेजारणीला वाटावं दार उघडलं. एरवी त्यांनी दाद दिली नसती. पण लेकीने नवं घर घेतलं ते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या शहात्तर! त्यात तिला दिवस गेलेले, साडेतीन महिन्यांत बाळ येणार.

"मी माझ्या पायांनी चढणार," काकूंनी जाहीर केलं. "नातवंडाला बघायला आजीने खाली फाटकाशी उभं राहायचं की काय?"

हाडांचे डॉक्टर सबुरीचे होते. म्हणाले, "काकू, वजन थोडं उतरवा आणि व्यायाम करा. या पूरक गोळ्यांचं म्हणाल, तर कुणाला बरं वाटतं, कुणाला ढिम्म फरक पडत नाही. घ्यायच्याच असतील तर डबे आधी मला आणून दाखवा."

व्यायामाचा कागद काकूंनी घडी करून पर्समध्ये टाकला. डबे दाखवायचं तर त्या दवाखान्याच्या पायरीवरच विसरल्या.

औषधाच्या दुकानात सल्ल्यांचा महापूर होता. शेजारीण म्हणाली, माशाचं तेल! शिंपी म्हणाला, हळदीचा अर्क! धाकट्या दिरांनी फोनवरून कोलॅजनची शपथ घातली आणि दुकानदाराने न विचारता ग्लुकोसामाइन पुढे सरकवलं. प्रत्येक डब्यावर एक म्हातारा हरणासारखी उडी मारत होता. काकूंनी चष्मा चढवून चारही म्हातारे निरखले.

"द्या चारही!" त्या म्हणाल्या. "निकाल मी लावते."

निकाल शास्त्रशुद्ध लागणार होता. कुठल्या डब्यात काय, हे काकूंना कळता कामा नये, म्हणजे मन फितूर होणार नाही. म्हणून डब्यांची लेबलं काढायची आणि त्यांवर अ, ब, क, ड लिहायचं. कशात काय आहे याची यादी काकांनी करायची आणि कुलपात ठेवायची. मग एकेक डबा तीन आठवडे. रोज सकाळी जिन्याच्या पायऱ्या दहादा चढउतार, खुर्चीवरून वीसदा उठबस, बागेला एक फेरी आणि मग वहीत दुखण्याला दहापैकी गुण.

काका निवृत्त टायपिस्ट. समोरचा मजकूर, अर्थाकडे ढुंकूनही न बघता, जसाच्या तसा उतरवून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फ्रिजवरचे चार पांढरे डबे त्यांनी बादलीत भिजवले, लेबलं सोलली, शब्दन् शब्द उतरवला आणि कागद कुलपात टाकला.

"वाचलंत ना नीट?" काकूंनी विचारलं.

"वाचायचं कशाला? उतरवलंय!" काका अभिमानाने म्हणाले.

'अ'ने पोटात आग पेटवली. गुण सात. 'ब' घेतल्यावर असे ढेकर आले, की काका तीन आठवडे बाल्कनीत पेपर वाचू लागले. गुण सहा. पण काकू हटल्या नाहीत. पाऊस असो, पाहुणे असोत, जिना दहादा म्हणजे दहादा!

आणि मग उघडला 'क'! गोळी चांगली बटणाएवढी, तपकिरी, चावून खायची. वास असा, की माशीनेही लांबून वळसा घ्यावा!

"खरं औषध असंच असतं," काकू नाक दाबून म्हणाल्या. "तोंड वाकडं झाल्याशिवाय पाय सरळ होत नाहीत!"

आणि काय सांगावं! पाच... चार... तीन! तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकू कठडा न धरता जिना उतरल्या. त्या दिवसांत सुनेचा म्हातारा कुत्रा ढोल्या मात्र रुसला होता. त्याचेही सांधे दुखायचे.

"आई, ढोल्या दोन महिने झाले गोळीला तोंड लावत नाही हो," सून म्हणाली. "आधी शेपूट हलवत खायचा!"

"त्याला औषधाची पारख नाही," काकू म्हणाल्या आणि 'क' चावू लागल्या.

ही बातमी इमारतीत राहते थोडीच! रविवारी सकाळी दिवाणखान्यात सात बायका आणि एकूण चौदा गुडघे जमले. प्रत्येकीला तोच डबा हवा होता. काकू उभ्या राहून बोलल्या, मुद्दाम, गुडघ्यांची कुरकुर न होता.

"अहो, आणा ती यादी! मोठ्याने वाचा!"

काकांनी घसा साफ केला. "क. सांध्यांच्या मजबुतीसाठी."

"बघा!" काकू म्हणाल्या.

"वजन तीस किलोच्या वर असल्यास दिवसाला दोन."

"माझं बरंच वर आहे," शेजारीण लिहून घेत म्हणाली.

"नियमित दिल्यास अंगावरची लव दाट व चमकदार होते."

लिहिणारे हात थबकले. शिंप्याच्या बायकोने हळूच स्वतःच्या दंडाकडे पाहिलं.

"भुंकण्यात उत्साह येतो," काका एकसुरात पुढे चालले होते. "गोळी खाल्ल्यावर डोक्यावरून हात फिरवून शाबासकी द्यावी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून आली. तिच्या हातात लेबल असलेला पांढरा डबा होता आणि त्यावर उडी मारणारा म्हातारा!

"आई, फ्रिजवरचा हा डबा तुमचा आहे! मग मी सकाळच्या घाईत ढोल्याला काय देत होते?"

शेजारीण आधी खुदकन हसली. मग सातही जणी अशा हसल्या, की बसल्या जागेवरून कुणाला उठवेना. काकूंचा चेहरा बिघडलेल्या बल्बसारखा लागत-विझत होता.

"अहो! तुम्हाला लिहिताना कळलं नाही?"

"अगं, चूक एक तरी काढून दाखव त्यात!" काका म्हणाले.

दुपारीच काकूंनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी यादीतला मजकूर बघितला, काकूंना तपासलं आणि ओठ चावून हसू आवरलं. "काही बिघडलेलं नाही. पण पुन्हा कुत्र्याचं औषध घेऊ नका, आणि त्यालाही तुमचं देऊ नका."

"पण फरक पडलाय, डॉक्टर! ही वही बघा!"

डॉक्टरांनी वही चाळली. "जिना दहादा, उठबस वीसदा, बागेला फेरी... हे नऊ आठवडे रोज केलंत?"

"एक दिवस चुकले नाही!"

"काकू, मी दिलेला कागद काढा बघू."

पर्समधून घडी निघाली. त्यावर जिना होता, खुर्ची होती आणि फेरीही होती. काकूंनी कागद दोनदा वाचला. नऊ आठवडे नको नको म्हणत त्यांनी व्यायामच केला होता!

"मला वाटतं, यश याचंच असावं," डॉक्टर म्हणाले. "थांबू मात्र नका."

काकू थांबल्या नाहीत. बाळ झालं, मुलगी झाली. ती घरी आल्यावर काकूंनी लेकीच्या जिन्याचा कठडा धरला आणि कुणाचाही हात न घेता, प्रत्येक मजल्यावर दम खात, शहात्तर पायऱ्या चढल्या. लेकीने दार उघडलं आणि ती रडायलाच लागली. काकूंनी नात मांडीवर घेतली आणि मग तिला लेकीकडे देऊन दारातून वाकून जिन्याकडे पाहिलं. वरून त्या पायऱ्या खालून दिसल्या त्यापेक्षा बऱ्याच उंच दिसत होत्या.

काकू उतरल्या त्या पंधरा दिवसांनी. गुडघ्यांना विचाराल तर उतरण जमेना म्हणून. काकूंना विचाराल तर नात सोडत नव्हती म्हणून!