सुपासकट तांदूळ

आमच्या स्नेहलनं, म्हणजे माझ्या नातीनं, दूध संस्थेसाठी मोबाईलचं ॲप केलं आणि ते भोर-वेल्ह्याच्या चाळीस गावांत रीतसर वाटण्यात आलं. ॲप चाललं की तिची संस्थेतली नोकरी पक्की होणार होती.

तिसऱ्या दिवशी चेअरमन आनंदराव मोबाईल नाचवत अंगणात आले.

"सगुणाबाई, वाचा हे! माझं नाव, माझा फोटू, आन् खाली काय? म्हैस, भाकड, लाथाळ!"

"माझा चष्मा आत हाय. तुमीच वाचा मोठ्यानं. शेजारी बी ऐकत्यात."

स्नेहल रडकुंडीला आली. ॲप चालतंय का ते बघायला तिनं खोट्या म्हशी भरल्या होत्या. नावं सुचेनात, म्हणून संचालक मंडळाची घातली, फोटूंसकट.

"आज्जे, त्या चाचणीच्या फायली माझ्यापुरत्या होत्या गं. पाठवताना काढायच्या राहिल्या."

"अगं, तांदूळ पाखडून पिशवीत भरत्यात. तू सूप बी भरलंस व्हय?"

तासाभरात तिनं त्या फायली काढल्या. पण काम एवढ्यात उरकलं तर मंडळ कशाला? तातडीची सभा भरली. ठराव झाला: वापरणाऱ्यास जिची गरज नाही, अशी एकही फाईल बाहेर जाता कामा नये. गरज ठरवायला समिती नेमली.

समितीतला ज्ञानू म्हणाला, "फॅटचा आकडा कशाला? लोकं उगा भांडत्यात." आकडा निघाला. गोरखला दुधाची प्रत खटकली. त्याच्या कॅनातलं पाणी त्यात दिसत होतं. प्रतही निघाली. तक्रारीचं बटण तर एकमतानं, टाळ्यांच्या गजरात निघालं. उरले पहिल्या पानावरचे मंडळाचे फोटू. ते अत्यावश्यक ठरले.

"आज्जे, ह्यात आता काहीच नाही," स्नेहल कुजबुजली.

"पर उघडतंय किती झटक्यात!" आनंदराव खूश. "एक बी चूक न्हाई. पोरीला कायम करा!"

नोकरी पक्की झाली. म्या गावभर पेढे वाटले. चाळीस गावांनी फोटू बघून ॲपला पाच-पाच चांदण्या दिल्या.

तुमी दात काय काढताय? तुमच्या मोबाईलात कुणी काय भरून धाडलंय, कवा उघडून बघितलंत? 'सर्व वाचले, मान्य आहे' म्हणून बोट तुमीच दाबलंय. म्या बी दाबलं. पर मी चौथी नापास. तुमी तर शिकलेली माणसं.