उकिडव्या बैठकीची सुनावणी

पूर्वा मडावीची उकिडवं बसायची सवय सोमवारी सकाळी स्वतःच उपचार केंद्रात आली आणि तिने सुनावणी मागितली.

केंद्र चंद्रपुरातलं. मुलांच्या वागण्याचा अभ्यास करून ते वळणावर आणायचं, असं तिथलं काम. पूर्वा बोलत नसे आणि खुर्चीवर टिकत नसे, म्हणून वर्तनतज्ज्ञ मृणाल कोठावळेने पहिलं उद्दिष्ट ठरवलं होतं: खुर्चीवर स्थिर बसणे. बसली की चॉकलेटची गोळी, उतरली की गोळी बंद. उद्दिष्ट परदेशी पुस्तकातलं होतं आणि मृणालचा त्या पुस्तकावर फार जीव.

सवय मध्यमवयीन, सुती लुगड्यातली आणि कमालीची शांत होती. मृणालने सवयीनेच तिच्यापुढे खुर्ची सरकवली आणि लगेच जीभ चावली.

"राहू द्या बाई," सवय म्हणाली. "खुर्चीवर बसली त मी उरतच नाही."

सुनावणीत सगळ्यांनी समान पातळीवर बसावं, असा केंद्राचा नियम. त्यामुळे तक्रारी ऐकणाऱ्या नैतिकता समितीला उकिडवं बसावं लागलं. अध्यक्ष आगटे सरांच्या गुडघ्यांना बऱ्याच वर्षांत असा हुकूम मिळाला नव्हता. दोघांनी धरून त्यांना खाली उतरवलं. त्यांनी कुरकुर केली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

"शाळेत खुर्च्या असतात," मृणालने बाजू मांडली. "तिला बसता आलं नाही, तर शाळा तिला घेणार नाही."

"मंग शिकवा ना! मी कुठं नाही म्हनते? पन मले हाकलून कायले शिकवता? तिची माय बजारात भाजी घेऊन बसते, भुईवर. पोरगी तिच्या बाजूले बसते तवा मायचं तोंड पाहते. खुर्चीवरून तिले मायचा निस्ता भांग दिसन."

मग सवय मृणालकडे वळली.

"आन पोरीले कोनी इचारलं काय?"

मृणालने मान हलवली. "नाही विचारलं." तिला वाईट वाटलं; पण त्याहून जास्त या सवयीचा अभिमान वाटला. आपली इतकी नेकीने बाजू घेणारं कुणी प्रत्येक मुलाला असावं, असं तिच्या मनात आलं.

पूर्वाला आत आणलं. एरवी या खोलीत तिला टेबलांच्या कडा आणि लोकांचे पट्टे दिसत. आज सगळे चेहरे तिच्या उंचीवर उतरले होते. ती सवयीच्या शेजारी बसली आणि एकेकाला निरखू लागली. मृणालच्या नाकाला तिने बोट लावलं. मग गोळ्यांची बरणी उघडून ती आगटे सरांपाशी गेली, त्यांची बैठक नीट तपासली आणि एक गोळी त्यांच्या तोंडात घातली.

सरांना मधुमेह होता. त्यांनी गोळी चघळली.

"सवय राहील," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "खुर्ची शिकवायची ती पूर्वाच्या संमतीने, आणि ही बाई हजर असताना."

"हरकत नाही," सवय म्हणाली.

समितीतले लोक उठू लागले. सरांनीही उठायला मृणालचा हात धरला, गुडघे पार भरून आले होते. पण पूर्वा समोर बसून त्यांच्याकडे एकटक पाहत होती. ते तसेच थांबले.

"उठू का, बेटा?" त्यांनी विचारलं.

पूर्वा विचार करू लागली. उठलेले सगळे पुन्हा खाली बसले.